प्रीमियर पद्मिनी गाडीचं पुढचं सस्पेन्शन जोडल्यावर नाक वर का राहतं?

रत्नागिरीत घरीच काम केलंत, सगळे बोल्ट आवळलेत, तरी गाडी पुढून उंच आणि दोन महिन्यांत सांध्यांतले रबरी बुश फाटले, असं म्हणताय. माझा अंदाज: चाकं लोंबकळत असतानाच तुम्ही आर्मचे, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे, बोल्ट पक्के केलेत. रबरी बुश फिरत नाही, पिळवटतो. लोंबत्या स्थितीत आवळला की गाडी खाली उतरताच तो कायमचा पिळलेला राहतो, गाडीला वर ढकलतो आणि शेवटी फाटतो. नवे बुश टाका, नट नुसते टेकवून ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, बॉनेटशी उभं राहून दोन-चार वेळा दाबा, मगच गाडीखालच्या खड्ड्यात उतरून शेवटचा आवळा द्या.

कॉइल स्प्रिंग बसवताना मात्र घाई नको. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय हात लावूच नका, सुटली तर हाड मोडेल. आणि जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी टेकवायची आपली सवय सोडा, चिरा अचानक फुटतो. लोखंडी स्टँडच घ्या.

खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात, तेव्हा ग्रीस लावूनच घाला. नट सुटू नयेत म्हणून लावायच्या कॉटर पिना नव्या. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारा, मग चाकांचं अलाइनमेंट.