ए-टीआरसी असलेल्या प्राडोत सेंटर डिफ लॉक लावावा का? दोन्ही एकत्र चालतात का?

हो, ए-टीआरसी (टोयोटाचं ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी सिस्टीम) आणि सेंटर डिफ लॉक (पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जोडणारा लॉक) दोन्ही एकत्र चालतात आणि कच्च्या जमिनीवर एकत्रच वापरावेत.

तुम्ही लिहिलंय की मस्कतला आल्यावर जुनी प्राडो १५० घेतली आहे, ती ओमानमधल्या बिदियाच्या वाळूत आणि वादी बनी औफच्या दगडी रस्त्याने न्यायची आहे. एका मित्राचं म्हणणं, ट्रॅक्शन कंट्रोल असताना लॉक लावला तर सिस्टीम गोंधळते. दुसऱ्याचं म्हणणं, वाळू सुरू झाली की लॉक लाव. दुसऱ्याचं ऐका. पहिला मित्र चुकतोय, पण त्याचा समज का होतो तेही सांगतो, कारण त्या समजामागचा दिवा तुमच्याच डॅशबोर्डवर लागणार आहे.

आधी डिफरन्शियलबद्दल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरबद्दल. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना टॉर्क (फिरवण्याचा जोर) सारखाच देतो. 'सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे निघून जाते' असं आपण म्हणतो ते अर्धवट आहे. निघून जातात ते फेरे. टॉर्क दोघांना सारखाच मिळतो, आणि एक चाक हवेत असेल तर त्याला फिरवायला जेमतेम जेवढा टॉर्क लागतो, तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो. त्यात गाडी हलत नाही. फुलटाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे चारही चाकांना कायम ताकद मिळणाऱ्या गाडीत, असे तीन डिफरन्शियल असतात: पुढच्या अ‍ॅक्सलवर एक, मागच्या अ‍ॅक्सलवर एक आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधला सेंटर. तिन्ही ओपन असतील तर एका चाकाची पकड सुटली की चारही चाकं निकामी. तीन चाकं जागेवर थांबतात आणि चौथं सरळ रस्त्यावर जेवढं फिरलं असतं त्याच्या चौपट वेगाने गरगरतं. वाळूत त्या चौपट वेगाने खड्डा किती भराभर खणला जातो हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

ट्रॅक्शन कंट्रोल यावर इलाज करतं ते ब्रेकने. एबीएसचेच सेन्सर चाकांचे वेग मोजतात. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार जोरात फिरतंय असं दिसलं की पंप फक्त त्याच चाकाचा ब्रेक दाबतो. अडवलेल्या चाकाचा विरोध वाढला की डिफरन्शियल तेवढाच टॉर्क पलीकडच्या चाकाला देतो. कल्पना फार सुंदर आहे, आणि तिने किती गाड्या वर काढल्या असतील याची गणती नाही. पण तिला दोन मर्यादा आहेत आणि त्या कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत. एक, चाक आधी घसरल्याशिवाय ती कामाला लागत नाही. दोन, पलीकडच्या चाकाला जेवढा टॉर्क पोचवायचा, तेवढाच ब्रेकमध्ये अडवावा लागतो. म्हणजे इंजिनचं काम डिस्क आणि पॅड तापवण्यात जातं.

सेंटर डिफ लॉकला या दोन्ही अडचणी नाहीत. पुढचा आणि मागचा शाफ्ट दातांनी एकमेकांत अडकवला की दोन्ही एकाच वेगाने फिरणार. घसरण्याची वाट पाहायला नको, ब्रेक तापायला नको. पुढचं एक चाक हवेत गेलं तरी मागचा अ‍ॅक्सल आपल्या पकडीपुरता पूर्ण टॉर्क घेतो आणि गाडी निमूट पुढे सरकते. ट्रॅक्शन कंट्रोलला त्या प्रसंगात फारसं काही करावंच लागत नाही.

पण लॉकची हद्दही तिथेच संपते. तो पुढच्या-मागच्यातला प्रश्न सोडवतो, डाव्या-उजव्यातला नाही. दगडी वाटेवर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम उचललं गेलं, तर सेंटर लॉक लावलेली गाडीही अडकते, कारण दोन्ही अ‍ॅक्सलवर एकेक चाक मोकळं फिरतंय. इथे ए-टीआरसीच उपयोगी. आणि सेंटर आधीच लॉक असेल तर तिचं काम सोपं होतं: पुढचा अ‍ॅक्सल पळतोय की मागचा, हे तिला सांभाळायचं नसतं, प्रत्येक अ‍ॅक्सलवर फक्त डावं-उजवं जुळवायचं असतं. म्हणून मी म्हणतो की हे एकमेकांचे पर्याय नाहीत. एक पुढे-मागे वाटतो, घसरण्याआधी. दुसरं डावीकडे-उजवीकडे वाटतं, घसरल्यानंतर.

हा वाद फार रंगला तो लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी २ वरून. १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर आली तेव्हापासून फुलटाइम फोर व्हील ड्राइव्ह आणि चालकाच्या हातातला सेंटर लॉक ही लँड रोव्हरची ओळख होती. पहिल्या डिस्कव्हरीतही तो लिव्हर होता. १९९८ मध्ये डिस्कव्हरी २ आली ती चारही चाकांवर ट्रॅक्शन कंट्रोल आणि हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर आपसूक ब्रेक लावणारी सिस्टीम) घेऊन, आणि लॉकचा लिव्हर गायब. विचार असा की इलेक्ट्रॉनिक्स आता सगळं बघेल, चालकाने कशाला डोकं लावायचं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या कित्येक गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत) लॉकचे आतले भाग तसेच होते, फक्त बाहेरून जोडणी नव्हती. मालकांना हे कळलं आणि त्यांनी जुन्या डिस्कव्हरीचे लिव्हर आणून बसवले. काहींनी तर गाडीखाली शिरून पान्याने लॉक लावायला सुरुवात केली. पुढे ते आतले भागही काढले गेले, आणि शेवटी २००४ च्या मॉडेलवर लॉक परत आला. ट्रॅक्शन कंट्रोल तेच, जोडीला लॉक. लॉक लावल्यावर त्याच गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल किती शांत होतं हे त्या मालकांनी वर्षानुवर्षं अनुभवलं आहे. माझ्या मते या प्रश्नाचं सर्वात भक्कम उत्तर तेच आहे. त्यानंतरच्या डिस्कव्हरी ३ मध्ये कंपनीने सेंटर लॉक होण्याचं काम मल्टिप्लेट क्लचला (एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांना) आणि संगणकाला दिलं, पण सेंटर लॉक होतोच.

तुमची प्राडो जुन्या डिस्कव्हरीपेक्षा एका बाबतीत पुढे आहे. तिचा सेंटर डिफरन्शियल ओपन नाही, टॉर्सन आहे. साधारण ४०:६० असा पुढे-मागे टॉर्क वाटतो आणि एका अ‍ॅक्सलची पकड कमी झाली की दुसऱ्याला आपसूक जास्त देतो. त्यामुळे ओल्या रस्त्यावर किंवा साध्या खडीवर तुम्हाला काहीच करावं लागत नाही. पण टॉर्सन गुणाकार करतो, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. एक चाक पूर्ण हवेत गेलं की त्यालाही आधार लागतो. तो आधार एकतर ए-टीआरसी ब्रेक लावून देते, नाहीतर लॉक.

आता त्या दिव्याबद्दल. लॉकचं बटन दाबलं की डॅशबोर्डवर व्हीएससी ऑफ असं दिसतं. मित्राचा गैरसमज बहुतेक इथूनच आला असेल. व्हीएससी वळणावर गाडी सावरण्यासाठी एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. सेंटर लॉक असताना पुढच्या चाकाला लावलेला ब्रेक मागेही जाणवतो, मग तिचं गणित बिघडतं, म्हणून टोयोटा तिला मुद्दाम बाजूला ठेवते. ए-टीआरसी मात्र जागीच असते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या गाडीत मागचा डिफ लॉकही असेल तर लक्षात ठेवा: तो लो रेंजसाठी (सावकाश पण जास्त जोराच्या गिअरसाठी) आहे, आणि तो लावला की ए-टीआरसी आणि एबीएस दोन्ही बंद होतात. म्हणून तो फक्त अडकल्यावर, काही मीटरपुरता, आणि उतारावर कधीच नाही.

बिदियाला वाळू सुरू होण्याआधी थांबा. टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा. हे लॉकपेक्षाही महत्त्वाचं आहे. हवा भरलेल्या टायरना ना लॉक वाचवतो ना संगणक. मग गाडी उभी असतानाच लॉक लावा, दिवा स्थिर झाल्याची खात्री करा आणि निघा. रुतल्यावर लावू म्हणून थांबू नका, तोवर खड्डा झालेला असतो. वाळूत गाडीचा वेग हाच तुमचा आधार असतो आणि ए-टीआरसीचा ब्रेक तोच खातो. लॉक असला की चाकं कमी घसरतात आणि ब्रेक लागण्याची वेळही कमी येते.

वादी बनी औफची गोष्ट वेगळी. तिथे चढ दगडी आहेत आणि चाकं तिरपी उचलली जातात. लो रेंज, सेंटर लॉक, आणि ए-टीआरसीचा खरखर आवाज आला की घाबरून पाय काढू नका. बहुतेक जण तिथेच चुकतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सिस्टीमला काम संपलं असं वाटतं आणि जमा झालेला दाब जातो. पाय हलका पण स्थिर ठेवा, दोनेक सेकंद धीर धरा, गाडी उचलेल. एकाच जागी बराच वेळ असं करत राहू नका. ब्रेक तापले की सिस्टीम स्वतःच थांबते. तेव्हा खाली उतरून दगड लावा किंवा वेगळी वाट धरा.

उतारावर लॉकचा फायदा कमी लोकांना माहीत असतो. खाली येताना वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. लॉक असेल तर लो रेंजमधलं इंजिन ब्रेकिंग दोन्ही अ‍ॅक्सल मिळून घेतात, हलका अ‍ॅक्सल एकटा घसरत नाही. वादी बनी औफमधल्या बिलाद सैत गावाकडचे उतार बघितलेत तर याचं मोल पटेल.

तुम्ही विचारलंय की गावी थारमध्ये हे बटन का नव्हतं. थार, जिम्नी, गुरखा या पार्टटाइम गाड्या. त्यांच्यात सेंटर डिफरन्शियलच नसतो, फोर एच (चारही चाकांचा नेहमीचा, हाय रेंजचा मोड) लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट थेट जोडला जातो. म्हणजे तुमच्या प्राडोची लॉक केलेली अवस्थाच. म्हणून त्या गाड्यांना कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये चालवायचं नसतं, आणि तोच नियम आता तुमच्या लॉकला. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. तो फरक जिरवायला घसरणारी जमीन नसेल तर ताण गिअरमध्ये आणि शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात.

डांबर लागायच्या आधीच, खडीवर असतानाच लॉक काढा. बटन दाबूनही दिवा विझत नसेल तर ताण अजून अडकलेला आहे. सरळ थोडं पुढे जा, स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवा, तरी नाही सुटला तर काही मीटर रिव्हर्स घ्या. दिवा विझला की हवा भरा आणि हायवेला लागा.