तलवारबहाद्दर कथानायक कोनानचा जनक, लेखक रॉबर्ट हॉवर्ड याच्या आयुष्यावर एखादा चित्रपट आहे का?

आहे, आणि आवर्जून पाहावा असा आहे: १९९६ सालचा 'द होल वाइड वर्ल्ड'. दिग्दर्शक डॅन आयर्लंड. तलवारबाजीच्या अपेक्षेने मात्र बसू नका, ही सरळ प्रेमकथा आहे.

काळ १९३०च्या दशकातला, जागा टेक्सासमधलं क्रॉस प्लेन्स हे छोटं गाव. हॉवर्ड 'विअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त कागदावरच्या मासिकांसाठी कथा लिहायचा. टाइप करता करता वाक्यं मोठमोठ्याने म्हणायची त्याची सवय. नोव्हलिन प्राइस ही तिथली शिक्षिका, तिलाही लेखिका व्हायचं होतं. दोघं गाडीतून फिरतात, तासन्‌तास बोलतात, भांडतात. पण घरी क्षयाने आजारी असलेली आई आहे आणि तिला सोडून तो कुठेच पूर्णपणे जाऊ शकत नाही. मला चित्रपटाचा खरा गाभा इथेच वाटतो. नोव्हलिनला तो हवा आहे, पण त्याच्यात तिच्यासाठी जागाच उरलेली नाही, हे ती हळूहळू ओळखते.

जून १९३६ मध्ये, आई आता शुद्धीवर येणार नाही हे कळल्यावर, त्याने स्वतःला संपवलं. वय फक्त ३०. आई दुसऱ्या दिवशी गेली.

हे सगळं नोव्हलिनच्या आठवणींच्या पुस्तकावर बेतलेलं आहे. ते तिने जवळपास पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. हॉवर्डच्या भूमिकेत व्हिन्सेंट डोनोफ्रिओ उत्तमच, पण नोव्हलिन झालेल्या रेने झेल्वेगरचा चेहरा माझ्या मनातून अजून जात नाही.