वाचकांचे प्रश्न : पावसाची ओढ आणि मुळांवरील गाठी

प्रश्न : आमची शेती गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्व भागात, मध्यम काळ्या जमिनीत आहे. सोयाबीनची पेरणी वेळेवर झाली, बियाण्याला जिवाणू संवर्धनही लावले होते. मात्र ऐन फुलोऱ्यात, आश्लेषा आणि मघा नक्षत्रांत, पावसाने दीर्घ ओढ दिली. पाने दुपारी किंचित मलूल होत आणि सकाळी पुन्हा टवटवीत दिसत, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. नंतर पाऊस झाला, तरी पीक पिवळे पडत गेले. रोपे काढून पाहिली तेव्हा मुळांवर मोजक्याच गाठी होत्या आणि त्या आतून हिरवट-करड्या निघाल्या. पीक वाळले नसताना गाठी कशा गेल्या? आता युरिया द्यावा का?

उत्तर : सोयाबीनमध्ये पानांचे काम मंदावण्याच्या आधीच गाठींमधील नत्र स्थिरीकरण, म्हणजे तेथील जिवाणूंनी हवेतील नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणणे, मंदावते. त्यामुळे पाने टवटवीत दिसत होती त्याच दिवसांत आपल्या पिकाचा नत्रपुरवठा घटू लागला असणार. बहुतेक गाठी जमिनीच्या वरच्या थरात, मुख्य मुळाच्या आसपास असतात आणि उघडीप पडली की हाच थर प्रथम सुकतो. सोटमूळ खालच्या ओलीवर पानांना काही काळ सांभाळते. म्हणून केवळ पानांकडे पाहणाऱ्याला गाठींवरील संकटाचा अंदाज येत नाही.

गाठीच्या आत काय घडते, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या संपर्कात निकामी होते. दुसरीकडे, हे काम अत्यंत खर्चिक आहे. नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी जिवाणूला एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक द्रव्याचे किमान १६ रेणू खर्चावे लागतात आणि ती ऊर्जा मिळविण्यासाठी त्याला श्वसन, म्हणजे ऑक्सिजन, हवाच असतो. हा पेच वनस्पतीने दोन मार्गांनी सोडविला आहे. गाठीच्या बाहेरील पेशींचा थर ऑक्सिजनला बेताबेतानेच आत येऊ देतो आणि आतील लेगहिमोग्लोबिन हे तांबूस द्रव्य तो थेट जिवाणूंपर्यंत पोहोचविते. निरोगी गाठ कापल्यावर जो गुलाबी-लाल रंग दिसतो, तो याच द्रव्याचा.

पाण्याचा ताण पडला की बाहेरील थर ऑक्सिजनला अधिक अडवू लागतो. जिवाणूंचे श्वसन घटते आणि नत्र स्थिरीकरणही घटते. सौम्य ताणातील गाठींभोवती प्रयोगशाळेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढविले तेव्हा त्यांचे काम काही अंशी पूर्ववत झाले. तीव्र ताणातील गाठींना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. याचा अर्थ ऑक्सिजन हे एकमेव कारण नाही. पानांकडून येणारी साखर फोडणाऱ्या सुक्रोज सिंथेज या विकराचे कार्यही ताणात लवकर घटते, त्यामुळे साखर गाठीपर्यंत पोहोचूनही जिवाणूंच्या उपयोगी पडत नाही.

तिसरे कारण सोयाबीनच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. सोयाबीनच्या गाठी तयार झालेले नत्र अ‍ॅलँटोइन आणि अ‍ॅलँटोइक आम्ल या युरीड वर्गातील संयुगांच्या रूपात पानांकडे पाठवितात. ही संयुगे वर वाहून नेण्यासाठी पाण्याचा प्रवाह लागतो. पानांतून बाष्पीभवन कमी झाले की ती गाठींतच साचतात, आणि पानांपर्यंत पोहोचलेली युरीडेही ताणाच्या काळात पुरेशी वापरली जात नाहीत. नत्र साठून राहिल्याची ही खूण मिळताच गाठींचे काम आणखी मंदावते. या तीन कारणांपैकी आधी कोणते सुरू होते, याचे उत्तर वाण, जमीन आणि ताण किती वेगाने वाढला यांवर अवलंबून असते. मला स्वतःला हे तिन्ही दुवे एकमेकांत गुंतलेले वाटतात, आणि म्हणूनच एखादे द्रव्य फवारून गाठी पुन्हा सुरू करता येतील, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये असे मी आग्रहाने सांगतो.

गाठी सावरतात का, हे ताणाच्या तीव्रतेवर ठरते. ब्रिटनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जेनेट स्प्रेंट यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सोयाबीनच्या गाठींवर केलेल्या कामातून असे दिसले, की गाठीचे वजन ती पाण्याने पूर्ण भरलेली असतानाच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या खाली गेले तर तिची हानी भरून येत नाही. तेवढी वेळ आली नसेल, तर पाणी मिळताच गाठ पुन्हा कामाला लागते. आपल्या गाठी हिरवट-करड्या झाल्या आहेत, म्हणजे त्यांतील लेगहिमोग्लोबिन नष्ट झाले आहे आणि त्या गाठी आता सावरणार नाहीत. पावसानंतर मुळांवर नव्या गाठी येऊ शकतात, पण त्या कार्यक्षम होण्यास काही आठवडे जातात. पीक त्या वेळी शेंगा भरण्याच्या अवस्थेत असेल, तर साखरेवर दाण्यांचा हक्क आधी असतो आणि नव्या गाठींच्या वाट्याला फार थोडे उरते.

युरियाचा प्रश्न हिशेबाने पाहू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे प्रत्येक क्विंटल दाण्यामागे सुमारे ६ किलो नत्र लागते. एकरी १० क्विंटल उत्पादनाच्या केवळ दाण्यांत ६० किलो नत्र जाते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ते २१ किलोच्या आसपास असते. तब्बल तीन गोण्यांइतके हे नत्र जमीन आणि गाठी मिळून पुरवितात. हे सारे खताच्या गोणीतून भरून काढणे परवडणारे नाही. शिवाय कोरड्या जमिनीवर फेकलेल्या युरियातील बरेच नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते, आणि जमिनीत नायट्रेट वाढले की उरलेल्या व नव्या गाठींचे काम दबते. म्हणून जमिनीतून युरिया देऊ नये. जमिनीत ओल असेल आणि शेंगा भरत असतील, तर २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, एक फवारणी सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करावी. तिच्याने तूट पूर्ण भरणार नाही, पण पाने काही दिवस अधिक हिरवी राहतील.

पुढील हंगामासाठी अधिक महत्त्वाचे ते असे. दुपारी पाने मलूल होण्याची वाट पाहू नये. खुरप्याने वीतभर माती उकरून मुठीत दाबावी. तिचा गोळा होत नसेल तर पाणी देण्याची वेळ झाली आहे. विहिरीत एकाच संरक्षित पाण्यापुरता साठा असेल, तर फुलोरा संपून शेंगा धरण्याच्या सुमारास तुषार सिंचनाने हलके पाणी द्यावे. पाट भरून दिलेले पाणी काळ्या जमिनीत साचते आणि गुदमरलेल्या गाठींचेही नुकसान होते. कोळपणीने वरची भेग बुजवावी. उसाच्या खोडव्याचे पाचट (वाळलेली पाने) उपलब्ध असेल तर ते दोन ओळींच्या मधल्या जागेत पसरावे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ते आजही पेटविले जाते, याचे मनापासून वाईट वाटते. देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरलेला ऑगस्ट २०२३ मध्येच आला होता, त्यामुळे फुलोऱ्यातील उघडीप ही अपवादाची गोष्ट धरता येणार नाही.

जिवाणू संवर्धन लावलेले बियाणे धूळवाफेत, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरू नये, कारण तापलेल्या कोरड्या मातीत जिवाणू मरतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्यावरच पेरणी करावी.

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात आमच्या शेजारच्या भुईमुगाने तीच उघडीप चांगली सोसली. भुईमुगाच्या गाठी वेगळ्या असतात का?

उत्तर : होय. भुईमूग नत्र युरीडच्या रूपात पाठवीत नाही, आणि युरीड पाठविणारी पिके ताणाला सर्वसाधारणपणे अधिक संवेदनशील आढळली आहेत. तसेच भुईमुगात जिवाणू मूळकेसांतून शिरत नाहीत. उपमुळे फुटताना पडणाऱ्या चिरांतून ते आत येतात. मात्र भुईमुगाची अडचण दुसरीकडे आहे. फुलांपासून निघून जमिनीत शेंगा धरणाऱ्या आऱ्या आत शिरताना माती कठीण झाली, तर गाठी शाबूत असूनही शेंगा धरत नाहीत.

प्रश्न : सोयाबीननंतर ऊस लावणार आहे. गाठींमुळे जमिनीत नत्र राहते, म्हणून उसाचे खत कमी करावे का?

उत्तर : ताण पडलेल्या सोयाबीननंतर तरी करू नये. गाठी बंद पडलेले पीक जमिनीतलेच नत्र अधिक घेते आणि त्यातील मोठा भाग दाण्याबरोबर शेताबाहेर जातो. गळलेली पाने, मुळे आणि मळणीनंतरचे भुसकट शेतातच राहू द्यावे, माती परीक्षण करून घ्यावे आणि उसाच्या खताची मात्रा त्या अहवालावरून ठरवावी.