वाचक विचारतात : गव्हर्नरकी कुणाची, पाटीलकी कुणाची?

प्रश्न : माझी भाची न्यूझीलंडला असते. ६ फेब्रुवारीला फोन केला तर म्हणाली, मामा आज सुट्टीय, वायतांगी डे, इंग्रजांनी इथल्या माओरी लोकांशी करार केला तो दिवस. मी चाटच पडलो. आम्ही सेटलमेंटला (इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची ती वस्ती) लागून राहतो, इथल्या लोकांशी इंग्रजांनी कधी करार-बिरार केल्याचं ऐकलं नाही. नक्की भानगड काय आहे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भानगडच आहे मामा. (भाचीमुळे प्रश्न आला म्हणून मीपण मामाच म्हणतो, चालेल ना?)

१८४० साल. कॅप्टन हॉब्सन इंग्लंडच्या राणीच्या वतीने न्यूझीलंडला उतरला, इंग्रजीत मसुदा केला आणि ४ फेब्रुवारीला संध्याकाळी हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याच्या हातात दिला, सकाळपर्यंत माओरीत करून द्या म्हणून. बाप-लेकाने रात्रभर बसून तर्जुमा केला. ५ तारखेला दिवसभर चर्चा झाली आणि ६ ला चाळीसेक सरदारांनी सह्या, अंगठे, गोंदणाच्या खुणा असं ज्याला जे जमलं ते केलं, पुढे तो कागद गावोगाव फिरून पाचशेच्या वर सह्या जमल्या. बहुतेकांनी सही केली ती माओरी कागदावर, इंग्रजी कागदावर फक्त ३९ जणांनी.

आता गंमत बघा. इंग्रजीत लिहिलंय की माओरींनी सार्वभौम सत्ता राणीला दिली, म्हणजे राज्यच दिलं. माओरीत तिथे शब्द आहे कावानातांगा. हा ‘गव्हर्नर’वरून मिशनऱ्यांनीच बनवलेला शब्द, आपण पाटीलवरून पाटीलकी म्हणतो ना तसं, गव्हर्नरकी. आणि लगेच पुढच्या कलमात रांगातिरातांगा, म्हणजे सरदारांची सरदारकी, त्यांच्याकडेच राहील असं वचन. म्हणजे माओरींच्या कानावर काय पडलं तर साहेब मामलेदारी करणार आणि गावची पाटीलकी आपल्याकडेच. साहेबाच्या दप्तरात मात्र वाडा, गाव, पाटील सगळंच जमा. माझं मत विचाराल तर तर्जुमा एका रात्रीत झाला म्हणून चुकला, हे मला पटत नाही. खरा शब्द लिहिला असता तर सही झाली नसती, एवढं त्या मिशनऱ्याला कळत असणार.

पुढे व्हायचं तेच झालं, १८६० च्या दशकात लढाया, जमिनी जप्त, आणि १८७७ मध्ये एका न्यायाधीशाने तर करार म्हणजे शून्य किमतीचा कागद असं निकालातच लिहून टाकलं. पण कागद फाडला नव्हता कुणी. १९७५ मध्ये वायतांगी ट्रायब्युनल, म्हणजे करार मोडल्याच्या तक्रारी ऐकणारं मंडळ, बसलं आणि त्याच कागदावर बोट ठेवून माओरी भांडायला लागले. १९९५ मध्ये वायकातो-तायनुई या माओरी जमातीच्या लोकांना १७ कोटी डॉलरची भरपाई मिळाली, वर राणीने माफीनाम्याच्या कायद्यावर स्वतः सही केली. गेलेल्या जमिनीच्या मानाने रक्कम किरकोळच, पण मिळाली.

आता तुमच्या दारातला प्रश्न. १८७१ हे साल लक्षात ठेवा. त्या मार्चमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ठरवलं की यापुढे मूळ जमातींशी करारच करायचे नाहीत. ऑगस्टमध्ये कॅनडात नंबर घातलेल्या करारांपैकी पहिला झाला (तिथे कराराचे वर्षाला माणशी पाच डॉलर आजही वाटतात, पाचाचे सहा झाले नाहीत). आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आला. सुरुवातीला उत्तरेत, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही. करार म्हटला की समोरच्याची सही घ्यावी लागते, इथे कुणाला विचारायचंच नव्हतं. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी सेटलमेंट, म्हणजे तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि गिरण्यांना कामाला माणसं पाहिजेत म्हणून तिथे कामाला. देशभरातला कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, स्वातंत्र्यानंतर ५ वर्षं १६ दिवसांनी.

पण इंग्रजांनी आपल्याकडे करार केलेच नाहीत असंही नाही हं. गुजरातेतल्या डांगात सागवान होतं, मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी ते पाहिजे होतं, मग १८४२ मध्ये तिथल्या भिल्ल राजांकडून जंगल भाड्याने घेतलं. आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि पाच भिल्ल राजांना सरकार सालियाणा देतं, मोठमोठ्या संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले तरी यांचा चालू आहे. ज्याच्याकडे सागवान त्याच्याशी करार, ज्याच्याकडे नुसतं पाल आणि गाढव त्याला कुंपण, असा सरळ हिशोब.

प्रश्न : अमेरिका तिथल्या एका जमातीला दरवर्षी कापड देते असं वाचलं. आमचा चादरीचा धंदा, म्हणून विचारतो, खरं का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : खरंय. १७९४ चा कॅनन्डेग्वा करार, इरोक्वाय म्हणतात त्या सहा जमातींच्या युतीशी केलेला. त्यात कपडालत्ता, जनावरं, शेतीची अवजारं यासाठी वर्षाला ४,५०० डॉलर कायमचे, असं लिहिलंय, त्यातलं कापड अजून येतं. तुम्ही धंद्यातले, तुम्हाला सांगायला नको, रक्कम तीच ठेवून कापडाचा भाव दोनशे वर्षं वाढला की माणशी कापड केवढं उरणार? तुकडाच. तरीही ते लोक तो मागून घेतात, बंद करू देत नाहीत, कारण तुकडा आला म्हणजे सरकारने करार अजून मानला.

आणि सेटलमेंटजवळचे मामा, तुमच्या शेजारी कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत सेटलमेंटचा जुना पास किंवा हजेरीचा कागद असेल तर त्यांना सांगा, फेकू नका आणि लॅमिनेशनही करू नका. विमुक्त जातीच्या (म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्यांच्या) दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, तिथे तो कामाला येऊ शकतो. आम्हाला दाखवायचा असेल तर फोटो पाठवा, मूळ कागद पोस्टात टाकू नका.