बाग विकून नवं मूत्राशय?

तासगावच्या एका वाचकाने लिहिलंय : वडील ६३ वर्षांचे, कॅन्सरमुळे मूत्राशय काढावं लागणार. पुण्यातल्या हॉस्पिटलने पोटावर लघवीसाठी कायमची पिशवी लावायचे साडेचार लाख सांगितले, आतड्यापासून नवं मूत्राशय करायचे सात लाख. घरात चार लाखांची एफडी, कोल्ड स्टोरेजला बेदाणा आणि दोन एकर द्राक्षबाग. 'एक एकर विकून टाकू का?'

आत्ता नको. गरजेपोटी घाईत विकायला काढलेल्या रानाला गिऱ्हाईक पाडूनच मागतं, आणि बाग गेली की दरवर्षीची मिळकतही गेली.

शिवाय अडीच लाखांचा फरक फक्त पहिल्या दिवसाचा आहे. पिशवी दर तीन-चार दिवसांनी बदलावी लागते, तो खर्च जन्मभराचा. माझे एक जुने ग्राहक दर रविवारी सकाळी पुठ्ठ्याचं माप ठेवून छोट्या कात्रीने, पिशवी पोटाला चिकटवायच्या चकतीला भोक पाडत बसतात. हात सरावलेत, पण महिन्याचं बिल चुकत नाही. नव्या मूत्राशयालाही मागे खर्च आहे. लघवीची जाणीव पूर्वीसारखी होत नाही, म्हणून सुरुवातीला रात्रीही गजर लावून उठायचं. काहींना लघवी काढायला स्वतः नळी घालावी लागते. रक्तातल्या बी-१२ जीवनसत्त्वावर लक्ष ठेवावं लागतं. तपासण्या दोन्हीकडे चालूच. म्हणून एफडी सगळी मोडू नका, निदान लाखभर मागे ठेवा.

आधी महात्मा फुले जनआरोग्य योजना बघा. आता पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा आणि हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, ते विचारा. त्यासाठी पुण्याऐवजी मिरजेत किंवा कराडला चौकशी करावी लागली तरी चालेल, फक्त हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन हवा. उरलेल्या रकमेसाठी बेदाण्यावर तारण कर्ज काढा. माल तुमचाच राहतो, भाव आला की विका. तुम्ही नोकरीत असाल आणि जुनी करप्रणाली घेतली असेल, तर वडील तुमच्यावर अवलंबून आणि साठीपुढचे असल्याने प्राप्तिकरात गंभीर आजाराच्या उपचारखर्चावर (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) १ लाखापर्यंत वजावट मिळते. विम्यातून मिळालेले पैसे त्यातून वजा होतात. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

मूत्रपिंडं नीट काम करत नसतील किंवा कॅन्सर मूत्रमार्गात उतरला असेल, तर नवं मूत्राशय करतच नाहीत. म्हणजे पैशाआधी सर्जनला हे विचारायला हवं. आणि हो, तुमच्या पत्रात वडिलांना काय हवंय ते कुठेच नाही. रात्री गजराला उठायचंय ते त्यांना, पिशवी सांभाळत छाटणीला उभं राहायचंय तेही त्यांनाच. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा.