‘बाबांना मी कधी विचारलंच नाही’

वडील गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनाला येणारे मुलगे (मुली कमी, मुलगेच जास्त) फिरून फिरून एकाच वाक्याशी येतात. ‘त्यांना कधी विचारलंच नाही.’ आयुष्यभर एका घरात राहिलो, आणि आता विचारायचं म्हटलं तर माणूस नाही. हे वाक्य छातीत घेऊन आलेल्या एका मुलाची ही गोष्ट. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 46, चाकणला नोकरी, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. तिकडे घरटी एक फौजी असणारी गावं आहेत. अपशिंग्याच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. याचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, जंगी पलटणीत (म्हणजे पहिल्या बटालियनमध्ये) होते. 17 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गाव त्यांना ‘मेजर’च म्हणायचं. पेन्शन आल्यावर एका बँकेत बंदूकवाला गार्ड, आणि नोकरी सांभाळून दीड एकर ऊस. वर्षश्राद्धाला ‘मेजरबद्दल चार शब्द बोल’ असं गावाने याला सांगितलं होतं. तीन रात्री कोरा कागद घेऊन बसला आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे आला.

“मॅडम, ट्रंक उघडली तर मेडलं निघाली. कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं. ‘पूर्वी स्टार’, ‘संग्राम मेडल’. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कसला मुलगा मी?”

इथे माझी एक चूक झाली, ती सांगते. मी म्हटलं, मग माहिती काढा की. पंधरा दिवसांनी तो फाइल घेऊन आला. मेडलं बांगलादेश युद्धाची होती: डिसेंबर 1971, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. ब्रह्मपुत्रेपलीकडे जाऊन जंगी पलटणीने दक्षिणेकडचा रस्ता रोखून धरलेला. भारतीय ब्रिगेडियरने शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी अधिकाऱ्याने उत्तर धाडलं, त्यात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली. 10 डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून बाहेर पडायचा पाकिस्तानी सैन्याचा प्रयत्न, आणि 11 तारखेला शहर पडलं. सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं आणि चेहरा मात्र आधीपेक्षा उतरलेला. “यात बाबा कुठेच नाहीत,” तो म्हणाला.

खरंच होतं. माझ्या सल्ल्याने माहिती वाढली आणि बाप आणखी लांब गेला.

मग मी त्याला दोन कामं दिली. युद्ध बाजूला ठेवायचं आणि शेजाऱ्यांकडे चहाला जायचं, वही न नेता. दुसरं, आईला विचारायचं की मी बाबांना खरंच कधी काही विचारलं नव्हतं का. अपराधाची भावना घेऊन येणाऱ्या माणसाचा पुरावा मी तपासून बघते. दु:खात आपण स्वतःवर खटला भरतो आणि साक्षीदारही स्वतःलाच करतो.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, “विचारलं नाहीस कसं? चौथीत होतास. ‘बाबा, तुम्ही किती माणसं मारली?’ म्हणालास. हे जेवत्या ताटावरून उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. मग मीच तुला दटावलं, परत विचारायचं नाही म्हणून.”

हे सांगताना तो माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. आपण विचारलं होतं, आणि त्यांनी न सांगायचं ठरवलं होतं. मुलाच्या हलगर्जीपणापेक्षा ही वेगळी गोष्ट आहे. ते गप्प बसणं त्यांचं होतं. आता ते उकरून काढायचा हट्ट नको, असं मी त्याला सांगितलं. सैनिकांच्या घरात मला हे वरचेवर दिसतं.

शेजारी मात्र सांगायला बसलेलेच होते. मोटरला लाइट कधी रात्री दहाला यायची, कधी दोनला. मेजर बॅटरी घेऊन निघायचे, आपली मोटर चालू करून वाटेत शेजारच्या एका विधवा वहिनींचीही करायचे आणि त्यांच्या उसाला दारं धरायचे, म्हणजे सरीसरीत पाणी वळवून द्यायचे. “आमच्यात बाप्या माणूस न्हवतं,” त्या म्हणाल्या, “पर आमचं रान कधी वाळलं न्हाई.” दर नोव्हेंबरात गावातल्या फौजींच्या म्हाताऱ्या बायकांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं कामही त्यांचंच. एसटीचं तिकीट स्वतः काढायचे आणि येताना सगळ्यांना भजी. मुलाला यातलं निम्मं माहीत होतं, पण हे ‘सांगण्यासारखं’ असतं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

गेलेल्या माणसाशी नातं तोडलं की दु:ख संपतं, अशी समजूत माझ्या क्षेत्रातही बराच काळ होती. 1996 मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी उलट मांडणी केली: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढणाऱ्यांना हे नवीन वाटू नये. अर्थात सगळ्यांचंच शेजाऱ्यांकडच्या चहावर भागत नाही. सहा महिने उलटूनही शोकाची धार तशीच असेल, झोप, जेवण, काम विस्कटलेलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर मदत घ्या. जगणं नकोसं वाटत असेल तर सहा महिन्यांची वाटही बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वर्षश्राद्धाला तो चारेक मिनिटं बोलला. सुरुवात दोन वाजताच्या लाइटपासून केली. जमालपूरचं एक वाक्य, बस. मेडलं फ्रेम करून भिंतीवर लावायचा त्याचा विचार होता. आई म्हणाली, त्यांनी जिथे ठेवली तिथे राहू देत. ती पुन्हा ट्रंकेत गेली.

जाताना त्याने शेजारच्या वहिनींच्या पंपाला ऑटो स्टार्टर बसवून दिला. लाइट आली की मोटर आपोआप चालू. महिन्याने त्याचा मला फोन आला, हसत होता. वहिनींची तक्रार होती: “मशीन चांगलं हाय रं, पर ‘वहिनी, पाणी सोडलंय, झोपा निवांत’ म्हणून हाक न्हाई मारत.”

आता रात्रपाळीची लाइट असली की तो चाकणहून त्यांना फोन लावतो.