टेंगळाकडे नाही, बाळाकडे बघ

ताई, माझा मुलगा 15 महिन्यांचा आहे. पाच दिवसांपूर्वी त्याला पलंगावर बसवून मी कपाटातून त्याचे कपडे काढायला वळले आणि धप्पकन आवाज आला. फरशीवर कपाळावर पडला. लगेच जोरात रडला, थोड्या वेळाने शांत झाला, दूधही प्यायला; पण बघता बघता हे एवढं टेंगूळ आलं. डॉक्टरांनी तपासून ‘घरीच लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं. ‘त्याला झोपू देऊ नकोस’ असं सगळे म्हणाले, म्हणून त्या रात्री मी त्याला जागंच ठेवलं. अजूनही तासातासाला हलवून उठवते. नवरा विचारतो, ‘तुझं लक्ष कुठे होतं? स्कॅन का नाही केलं?’ त्याला आता खाली सोडायचीही भीती वाटते. काय करू?
– एक आई

अगं, त्याचं ते जोरात रडणं आठवलं की तुझ्या पोटात गोळा येत असेल. पण मूल डोक्यावर पडलं की डॉक्टर आधी तेच विचारतात: लगेच रडला का? तुझा लगेच रडला, कुशीत घेतल्यावर शांत झाला, दूध प्यायला. तरी तू त्याला दाखवून आणलंस. जे करायचं ते सगळं तू केलंस.

टेंगळाने तू जास्त घाबरलीस. कपाळाच्या कातडीखाली लगेच हाड असतं आणि तिथे रक्तवाहिन्या भरपूर. मार बसला की रक्त तिथेच साचतं आणि फुगतं, पण ते कवटीच्या बाहेर. त्यामुळे टेंगूळ किती मोठं आहे यावरून आत किती लागलंय ते ठरत नाही. मात्र 2 वर्षांखालच्या मुलाला कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ सूज आली, तर ती दाखवायलाच हवी. तुझ्या पिल्लाचं टेंगूळ आता हिरवट-पिवळं पडेल. साचलेलं रक्त खाली उतरून डोळ्याभोवती काळसरही दिसेल, त्याला घाबरू नकोस. कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालं, तर मात्र थांबायचं नाही.

आता झोपेचं. ‘झोपू देऊ नको’ हे सांगणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, पण रडून दमलेलं मूल झोपणारच. त्याला जबरदस्तीने जागं ठेवलं की ते किरकिरं होतं, मग ही किरकिर माराची की जागरणाची हेच कळेनासं होतं. झोपू द्यायचं आणि जवळ बसून बघायचं. श्वास रोजच्यासारखा चाललाय का, ओठांचा रंग ठीक आहे का, गालाला बोट लावलं की तोंड फिरवतो का, हात झटकतो का. पहिल्या रात्री मन मानत नसेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर एकदोनदा उठवावं. डोळे उघडून, कुरकुर करून परत झोपला की झालं. असं डोळ्यात तेल घालून बघायचे ते पहिले 24 ते 48 तास. तुझा आज पाचवा दिवस आहे.

यापुढे कधी (आणि तो पडणारच आहे, चालायला शिकतोय) असं झालं, तर हे पक्कं लक्षात ठेव. शुद्ध हरपली, अगदी क्षणभर का असेना, फिट आली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, नाकाकानातून पाण्यासारखं काही किंवा रक्त आलं, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, उठवून उठेना, चालताना तोल जाऊ लागला, एखादा हातपाय हलवेना, कशानेही रडं थांबेना किंवा तुला तो ‘नेहमीसारखा’ वाटेना, तर घड्याळ न बघता दवाखाना गाठ. या खुणा दोन-चार दिवसांनी दिसल्या तरीही. 2 वर्षांखालचं मूल 3 फुटांपेक्षा उंचावरून पडलं, तर काही दिसत नसलं तरी दाखवावं. आणि पडून निपचित राहिलं किंवा मानेला लागल्यासारखं वाटलं, तर उचलायचं नाही, हलवायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची.

माझी भाची दीड वर्षाची असताना टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटली. खोक जेमतेम नखाएवढी, पण रक्त भुवईवरून गळ्यापर्यंत ओघळलेलं. थांबलं का म्हणून आम्ही दर अर्ध्या मिनिटाला फडकं उचलून बघत होतो आणि त्यामुळेच ते थांबत नव्हतं. शेवटी तिच्या आजोबांनी समोर घड्याळ ठेवलं आणि 10 मिनिटं फडकं अजिबात न उचलता दाबून धरलं, तेव्हा थांबलं. डोक्याची खोक लहान असली तरी रक्त भसाभसा येतं. फक्त हाड आत दबल्यासारखं लागलं, तर दाबायचं नाही. नुसतं टेंगूळ असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून पाचदहा मिनिटं, तो धरू देईल तेवढंच. चोळायचं नाही, शेकायचं नाही. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजन बघून सांगितलेलं. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना कधीच नको.

स्कॅनबद्दल नवऱ्याला हे वाचून दाखव. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात आणि लहान मुलांवर त्यांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. शिवाय मूल स्थिर राहावं म्हणून कधी गुंगीचं औषधही द्यावं लागतं. डोक्याला मार लागलेल्या 42 हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. कोणत्या मुलांना स्कॅनची गरज नाही, हे तपासणीतल्या खुणांवरून ठरवता येतं, असं त्यातून दिसलं. तुमच्या डॉक्टरांनी तपासून सोडलं, म्हणजे त्यांनी हाच विचार केला.

राहिलं ‘लक्ष कुठे होतं’. हा प्रश्न मला फार लागला. लक्ष त्याच्याच कपड्यांत होतं! या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं, म्हणून मुलं पडतात ती डोक्यावरच. एका माणसाने वळायचंच नाही, हे कुठल्याच घरात जमत नाही. नवऱ्याला शांतपणे सांग, ‘मला रोज तेच विचारू नकोस, त्याऐवजी पुढच्या वेळचं बघ.’ मग कामं वाटून घ्या. वळायचं असेल तर बाळाला आधी जमिनीवर ठेवायचं, हे दोघांनीही पाळायचं. जिना असेल तर त्याला फाटक लावायचं, टेबलांचे कोपरे झाकायचे, चाकांचा वॉकर घरात आणायचा नाही. आणि वरच्या सगळ्या खुणा त्यालाही तोंडपाठ हव्यात, तुझ्या एकटीच्या डोक्यात नकोत.

उद्या सकाळी बाळाला खाली सोड. बसेल, उठेल, भिंत धरून दोन पावलं टाकेल, ढुंगणावर आपटेल, तुझ्याकडे बघेल. तू शांत दिसलीस तर बहुतेक वेळा रडणारही नाही. आणि आज रात्री त्याला उठवू नकोस. नवऱ्याला त्याच्या शेजारी झोपायला सांग आणि तू दुसऱ्या खोलीत जाऊन पाचसहा तास सलग झोप. त्यानंतरही हीच भीती आठवडा-दोन आठवडे तुला झोपू देत नसेल, तर तुझ्यासाठी डॉक्टरकडे जा, आणि गेलीस की मला कळव.